उरलेल्यांचा शोध : एका खेळातले गणित



घरी तांदूळ निवडताना तुम्ही कधी मदत केली आहे का? ताटात तांदूळ पसरले की पहिले आठ-दहा खडे चटकन दिसतात. पुढचे दोन-चार शोधायला जरा वेळ लागतो. मग बराच वेळ एकही खडा दिसत नाही आणि आपण म्हणतो, "झाले, निवडून झाले!" शेवटचा खडा मात्र जेवताना नेमका दाताखाली येतो.

असे का होते? आपण शेवटी शेवटी कंटाळतो म्हणून? थोडेसे तसे असेल. पण खरे कारण वेगळे आहे आणि ते गणितात आहे. ते समजून घेण्यासाठी आज आपण तुमच्या आवडीची एक गोष्ट उदाहरण म्हणून घेऊ. ती म्हणजे व्हिडिओ गेम! हे नाव काढताच मोठ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे खरे. पण आपण या खेळाकडे प्रयोगशाळा म्हणून पाहणार आहोत.

नऊशे बिया

जपानमधील क्योतो शहरात निन्टेन्डो ही खेळ तयार करणारी कंपनी आहे. ३ मार्च २०१७ रोजी तिने 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ प्रसिद्ध केला. खेळातल्या राज्याचे नाव हायरूल आणि नायकाचे नाव लिंक. हे जग 'खुले' आहे. म्हणजे अमुकच वाटेने जा, असे बंधन नाही. डोंगर दिसला तर त्यावर चढावे, नदी दिसली तर पोहून पार करावी.

या जगात कोरोक नावाचे छोटे वनवासी जीव लपून बसलेले असतात. डोंगरमाथ्यावरचा एकटाच दगड उचलावा, तर खालून कोरोक निघतो. दगडांच्या रिंगणात एक दगड कमी असेल, तर तो आणून ठेवावा लागतो. कुठे ओळीने मांडलेल्या मूर्तींपैकी एकीसमोर फळ नसते, तिथे सफरचंद ठेवावे लागते. सापडलेला प्रत्येक कोरोक एक बी देतो. या बिया हेस्टू नावाच्या मोठ्या कोरोकला दिल्या की तो लिंकच्या पोतडीत शस्त्रे ठेवायला जास्त जागा करून देतो.

अशा बिया एकूण ९०० आहेत. पोतडी पूर्ण मोठी व्हायला त्यांपैकी ४४१ पुरतात. तरीही जगभर असे हौशी खेळाडू आहेत, की जे सगळ्या ९०० मिळवल्याशिवाय थांबत नाहीत. त्यांचा अनुभव एकसारखा असतो. पहिले काही शेकडे हसतखेळत मिळतात. शेवटचे काही मात्र घाम काढतात.

एक दशांशाचे कोडे

समजा, एक खेळाडू रोज सगळ्या हायरूलभर मनात येईल तसा भटकतो. न सापडलेल्या प्रत्येक बीला त्या दिवशी त्याच्या नजरेस पडण्याची संधी दहात एक आहे, असे धरू. (हा आकडा आपण सोयीसाठी घेतला आहे.) म्हणजे रोज उरलेल्या बियांपैकी सरासरी एक दशांश सापडतील.

पहिल्या दिवशी ९०० चा दहावा भाग, म्हणजे ९० बिया मिळाल्या. उरल्या ८१०. दुसऱ्या दिवशी मिळाल्या ८१. उरल्या ७२९. तिसऱ्या दिवशी सुमारे ७३. खेळाडूची मेहनत रोज तेवढीच आहे, पण मिळकत रोज घटते आहे. कारण मिळकत ही 'उरलेल्या' संख्येवर अवलंबून आहे.

रोज उरलेल्या संख्येला ०.९ ने गुणत जा. साडेसहा दिवसांच्या सुमाराला निम्म्या बिया संपतात. पुढे काय होते ते पाहा :

पहिल्या २२ दिवसांत मिळालेल्या बिया – सुमारे ८११
पुढच्या २२ दिवसांत – सुमारे ८०
त्यापुढच्या २२ दिवसांत – सुमारे ८

आणि ६६ दिवसांनंतरही एखादी बी शिल्लक असण्याचा संभव आहेच! पहिल्या ८११ बियांना जेवढे श्रम पडले, तेवढेच श्रम शेवटच्या ८ बियांना पडले.

तुमच्यापैकी वरच्या वर्गात शिकणाऱ्यांना हा घटता आलेख ओळखीचा वाटेल. किरणोत्सारी पदार्थाचे अणू असेच घटतात आणि तिथे आपण 'अर्धायुष्य' हा शब्द वापरतो. दोन्हीकडे कारण एकच आहे : घटण्याचा वेग उरलेल्या संख्येच्या प्रमाणात असतो.

प्रत्यक्षात तर परिस्थिती याहून बिकट असते. आपण सर्व बिया सारख्याच लपलेल्या आहेत असे मानले. पण वाटेवरचे रंगीत भिरभिरे लांबून दिसते आणि निर्जन सुळक्यावरचा दगड दिसत नाही. सोप्या बिया आधी वेचल्या जातात. म्हणून शेवटी जे उरते ते अवघडच असते. म्हणजे उरलेल्या दहा बिया या नऊशेंतल्या कोणत्याही दहा नव्हेत. त्या आपल्या शोधण्याच्या पद्धतीतून निसटलेल्या दहा आहेत. याचा अर्थ असा, की त्याच पद्धतीने आणखी शोधत राहिलो, तर त्या पुन्हा निसटण्याचीच शक्यता अधिक. पद्धत बदलली पाहिजे.

भटकणे आणि तास धरणे

पद्धत कशी बदलायची? शेतकऱ्याकडे पाहा. तो नांगर घेऊन शेतात मन मानेल तसा फिरत नाही. तास धरून, एका तासाला लागून दुसरा तास, असे शेत नांगरतो. म्हणून एकदा नांगरलेल्या जागी पुन्हा नांगर जात नाही आणि कुठलीही जागा सुटत नाही.

मन मानेल तसे फिरल्याने किती नुकसान होते, हे मोजता येते. तुमच्याकडे हाउजीचा खेळ असेल, तर त्यातले १ ते ९० आकडे पिशवीत घाला. एक आकडा काढा, वहीत त्यावर खूण करा आणि तो परत पिशवीत टाका. पिशवी हलवून पुन्हा काढा. असे ९० वेळा करा. आपण ९० वेळा आकडा काढला, तेव्हा सगळ्या ९० आकड्यांवर खूण झाली असेल का? मुळीच नाही. साधारण ५७ आकड्यांवरच खूण झालेली आढळेल. काही आकडे दोनदा-तीनदा आले असतील, तर सुमारे ३३ एकदाही आले नसतील. म्हणजे काम झाले फक्त ६३ टक्के. आणखी ९० वेळा काढलेत, तरी डझनभर आकडे कोरेच राहतील.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलासाठी काम करणारे गणिती बर्नार्ड कूपमन यांनी समुद्रातील शोधाचा असाच हिशेब मांडला होता. विमानाने समुद्राचा एखादा भाग वेडावाकडा धुंडाळला आणि एकूण नजरेखाली आलेले क्षेत्र त्या भागाइतकेच भरले, तरी प्रत्यक्षात ६३ टक्केच भाग पाहून होतो. बाकीचा वेळ आधी पाहिलेलाच भाग पुन्हा पाहण्यात जातो. समांतर रेषांत उडाले, तर तेवढ्याच इंधनात जवळजवळ सगळा भाग पाहता येतो.

आता खेळाकडे परत या. सापडलेली प्रत्येक बी खेळाच्या नकाशावर खुणेने दिसते. खेळाडू या खुणा पाहतो आणि जिथे खुणा विरळ आहेत तिथे धावतो. इथेच त्याची फसगत होते. खुणा विरळ असण्याची कारणे दोन असू शकतात : तिथे आपण गेलोच नाही, किंवा गेलो पण तिथे बियाच थोड्या होत्या. 'काय सापडले' याची यादी आणि 'कुठे शोधले' याची यादी, या दोन वेगळ्या याद्या आहेत.

दुसरी यादीही खेळाला जोडता येते. जून २०१७ मध्ये निन्टेन्डोने एक पुरवणी विकायला आणली. तिच्यात लिंक आजवर कोणत्या वाटांनी चालला, ते नकाशावर रेषेने दाखवण्याची सोय होती. अगदी मागच्या २०० तासांच्या खेळाची वाटचाल! ही रेष पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. 'सगळीकडे फिरलो' असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात रेषा पुन्हा पुन्हा त्याच रस्त्यांवर दाटल्या होत्या आणि मधले मोठे पट्टे कोरे होते. उरलेल्या बियांचा शोध खऱ्या अर्थाने त्या कोऱ्या पट्ट्यांपासून सुरू होतो.

किती उरले, हे न पाहता कसे सांगावे?

तुम्ही विचाराल, "एकूण ९०० आहेत हे ठाऊक असले, तर वजाबाकी करून उरलेल्या कळतात. पण एकूणच ठाऊक नसेल तर?" प्रश्न चांगला आहे. एखाद्या लहानशा प्रदेशात किती कोरोक आहेत, हे मूळ खेळ सांगत नाही.

यासाठी एका मित्राची मदत घ्या. समजा, अनिता आणि सलीम यांनी एकच प्रदेश आपापल्या खेळात, एकमेकांशी न बोलता धुंडाळला. अनिताला ६० बिया मिळाल्या. सलीमला ५० मिळाल्या. नंतर त्यांनी याद्या ताडून पाहिल्या, तेव्हा ४० बिया दोघांच्याही यादीत निघाल्या.

आता विचार करा. सलीमच्या ५० बियांपैकी अनिताने ४० शोधल्या होत्या. म्हणजे अनिताची नजर शंभरात ८० बिया टिपते. तिला एकूण ६० मिळाल्या. मग ६० हे ज्या संख्येचे ८० टक्के आहेत ती संख्या कोणती? ७५. दोघांनी मिळून शोधलेल्या वेगवेगळ्या बिया ६० + ५० – ४० = ७०. म्हणजे दोघांनाही न सापडलेल्या बिया सुमारे ५ असाव्यात!

किती नवलाची गोष्ट, नाही का? जे कोणीच पाहिले नाही, त्याची संख्या आपण सांगितली. सूत्र असे :

एकूण = (पहिल्याचे × दुसऱ्याचे) ÷ दोघांचे सामाईक

तळ्यात किती मासे आहेत, हे शास्त्रज्ञ असेच अजमावतात. काही मासे पकडून, खूण करून परत सोडतात. काही दिवसांनी पुन्हा मासे पकडतात आणि त्यांत खुणेचे किती निघतात ते पाहतात. हंगेरीत जन्मलेले नामवंत गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९७६ मध्ये याच रीतीने मुद्रितात उरलेल्या चुकांची संख्या कशी काढावी, ते दाखवले. तिथे अनिता आणि सलीमच्या जागी दोन मुद्रितशोधक असतात.

एक सावधगिरी मात्र हवी. दोघांनी शोध स्वतंत्रपणे केला पाहिजे. एकाने दुसऱ्याचे पाहून शोधले, तर सामाईक संख्या खोटीच वाढेल आणि उरलेल्या कमी भासतील. शिवाय काही बिया इतक्या दडलेल्या असतील, की त्या कुणालाच सहसा दिसत नाहीत, तर खरा आकडा ७५ पेक्षा मोठा असेल. म्हणून या रीतीने आलेले उत्तर 'निदान इतके तरी' असे समजावे.

'सापडले नाही' हीही माहिती आहे

आता शेवटची एकच बी उरली आहे असे समजा. ती डोंगरात किंवा जंगलात असण्याची शक्यता सारखीच आहे. तुम्ही डोंगर कसून शोधला. तुमची नजर शंभरात ८० वेळा अचूक असते. बी मिळाली नाही. आता काय करावे? पुन्हा डोंगर शोधावा, की जंगलाकडे वळावे?

असा प्रसंग १०० वेळा आला असे धरा. ५० वेळा बी डोंगरात असेल, ५० वेळा जंगलात. डोंगरातल्या ५० पैकी ४० वेळा ती तुम्हाला सापडली असती. उरल्या १० वेळा ती तिथे असूनही निसटली असती. म्हणजे 'डोंगरात मिळाली नाही' असे एकूण ६० वेळा घडेल; त्यांपैकी १० वेळा बी डोंगरात आणि ५० वेळा जंगलात असेल. जंगलाचे पारडे आता पाचपट जड झाले!

पण डोंगराचे पारडे शून्य झाले नाही, हेही लक्षात ठेवा. 'सापडले नाही' म्हणजे 'नाहीच' असे नव्हे. शोध जितका कसून झालेला, तितकी शक्यता कमी, एवढेच. जंगलातही अशीच बी मिळाली नाही, तर पुन्हा डोंगराकडे यावे लागेल.

या विचाराला अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक व गणिती टॉमस बेझ यांचे नाव दिले जाते. मे १९६८ मध्ये अमेरिकेची 'स्कॉर्पियन' ही पाणबुडी ९९ माणसांसह अटलांटिक महासागरात बुडाली. तिच्या शोधात जॉन क्रेव्हन या शास्त्रज्ञाने हाच मार्ग वापरला. समुद्राच्या नकाशावर चौकटी आखल्या. पाणबुडी कुठे असेल याविषयी जाणकारांचे वेगवेगळे अंदाज घेऊन प्रत्येक चौकटीला शक्यतेचा एक आकडा दिला. जसजशा चौकटी रिकाम्या निघत गेल्या, तसतसे आकडे बदलत गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे ३,००० मीटर खोलीवर पाणबुडीचे अवशेष सापडले. खोल समुद्रात एकही माणूस वाचलेला नव्हता. पण ती कुठे गेली याचे उत्तर मिळाले.

जिथे एकही उरून चालत नाही

खेळात ४४१ बियांवर थांबलात तर काही बिघडत नाही. सगळ्या ९०० मिळवणाऱ्याला हेस्टू काय बक्षीस देतो, ठाऊक आहे? सोनेरी रंगाचा, शेणाच्या पोसारखा दिसणारा एक गोळा! तो जवळ असला की हेस्टूचा नाच हवा तेव्हा पाहता येतो. यापलीकडे त्याचा उपयोग नाही. खेळ तयार करणाऱ्यांनी जणू हसतच सांगितले आहे, की सगळ्या बिया मिळवायलाच हव्यात असे नाही.

पण काही शोध असे असतात, की त्यांत एक उरला तरी सगळे श्रम वाया जातात. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावर देवीची लस टोचल्याची खूण असेल, ती पाहा. देवीच्या रोगाने एकेकाळी लाखो माणसे मरत. जी जगत त्यांचे चेहरे व्रणांनी भरत, कित्येकांची दृष्टी जाई. या रोगाचा विषाणू फक्त माणसातच राहतो. म्हणून शेवटचा रुग्ण शोधून त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस दिली, की रोग जगातूनच नाहीसा होणार होता. मात्र एकही रुग्ण नजरेआड राहिला, तर त्याच्यापासून साथ पुन्हा पसरली असती.

म्हणून १९७३ पासून भारतात घरोघर शोध सुरू झाला. कार्यकर्ते रुग्णाचे चित्र हातात घेऊन गावोगाव हिंडत आणि असा रोगी कुठे पाहिला का, असे घरात, शाळेत, आठवड्याच्या बाजारात विचारत. आपण वर पाहिलेली सगळी तत्त्वे इथे तुम्हाला दिसतील. शोध मन मानेल तसा नव्हता. गावांच्या याद्या होत्या. एका पथकाने पाहिलेल्या गावांपैकी काही गावे दुसरी माणसे स्वतंत्रपणे पुन्हा तपासत. रुग्ण कमी होत गेले, तसे नवा रुग्ण दाखवणाऱ्याचे इनाम वाढवत नेले, कारण शेवटचे शोधणेच सर्वांत कठीण असते.

मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचे रुग्ण आढळले. म्हणून लगेच जल्लोष करून शोध थांबवला का? नाही. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे तसाच कसून शोध चालू ठेवला. एवढे शोधूनही एकही रुग्ण मिळाला नाही, तेव्हाच एप्रिल १९७७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले. जगातील निसर्गतः झालेला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात आढळला आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याची घोषणा केली.

'आता एकही नाही' हे वाक्य उच्चारणे सोपे आहे. ते खरे ठरवण्यासाठी आपण कुठे, किती वेळा आणि किती कसून पाहिले, याची नोंद दाखवावी लागते. ही नोंद नसेल, तर 'दिसले नाही' एवढेच म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे.

करून पाहा

१. एकाच वर्तमानपत्राच्या दोन प्रती घ्या. तुम्ही आणि तुमचा मित्र यांनी एकाच बातमीतील 'च' हे अक्षर एका मिनिटात, एकमेकांचे न पाहता, जितके दिसेल तितके खोडावे. मग वरचे सूत्र वापरून एकूण 'च' किती असावेत ते काढा. नंतर सावकाश एकेक ओळ पाहून खरी संख्या मोजा. अंदाज किती चुकला? कमी आला की जास्त?

२. वरील उदाहरणात बी डोंगरात मिळाली नाही. नंतर जंगलातही ८० टक्के अचूक नजरेने शोधूनही ती मिळाली नाही. आता ती डोंगरात असण्याची शक्यता किती? (सूचना : १०० प्रसंगांची तीच रीत वापरा. उत्तर तुम्हाला विचार करायला लावील.)

३. शिक्षकांसाठी : हाउजीचा प्रयोग वर्गात गटागटाने करून प्रत्येक गटाची खूण झालेली संख्या फळ्यावर लिहावी आणि सरासरी काढावी. गटांची संख्या वाढत जाईल तशी सरासरी ५७ च्या जवळ कशी येते, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे.